टॅरंटुला पाळताना : आधी उगम तपासा, मग निगा

प्रतिनिधी

कुत्रा, मांजर आणि शोभेचे मासे यांच्या पंक्तीत केसाळ, आठ पायांच्या टॅरंटुला कोळ्यानेही स्थान मिळवले आहे. जागा थोडी लागते, आवाज नाही आणि रोज खाऊ घालण्याची कटकट नाही, हे त्यामागचे आकर्षण. मात्र हा प्राणी खेळणे नव्हे. काही प्रजातींची मादी २० वर्षांहूनही अधिक जगते. नर मात्र प्रौढ झाल्यावर फार काळ टिकत नाही. त्यामुळे कोळी कोणता घ्यावा, याइतकाच तो कोठून आला, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

निवड कशी करावी?

नवशिक्यांसाठी जमिनीवर राहणाऱ्या, संथ स्वभावाच्या अमेरिकी प्रजाती योग्य मानल्या जातात. मेक्सिकोतील तांबड्या गुडघ्यांचा 'ब्रॅकिपेल्मा हॅमोरी' किंवा चिलीतील 'ग्रामोस्टोला' ही त्यांची ठळक उदाहरणे. हे कोळी घाबरले की मागच्या पायांनी पोटावरील बारीक केस झाडतात. ते त्वचेला खाज आणतात आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करू शकतात. आशियातील प्रजातींकडे हे शस्त्र नाही. त्या चपळ असतात आणि थेट चावा घेतात. भारत व श्रीलंकेतील 'पोसिलोथेरिया' वंशातील कोळ्यांच्या दंशाने स्नायूंत तीव्र पेटके येतात. त्यामुळे हे कोळी नवशिक्यांनी टाळलेलेच बरे.

हौसेची किंमत

याच वंशातील निळाशार 'पोसिलोथेरिया मेटॅलिका' ही हौसेच्या दुसऱ्या बाजूची साक्ष आहे. आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकूड वखारीत सापडलेल्या एका मादीवरून रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये तिचे वर्णन केले. त्यानंतर थेट २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरदरम्यानच्या जंगलात ती पुन्हा आढळली. जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारी ही प्रजाती आययूसीएनने २००८ मध्ये 'अतिसंकटग्रस्त' ठरवली. वृक्षतोडीबरोबरच पाळीव प्राण्यांच्या बाजारातील मागणीचाही तिला धोका आहे. २०१९ मध्ये हा संपूर्ण वंश 'साइट्स' कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये समाविष्ट झाला. 'ब्रॅकिपेल्मा' त्याआधीपासूनच त्यात आहे.

चोरटी आयातही थांबलेली नाही. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेल्या पार्सलमधून १०७ जिवंत कोळी जप्त केले. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार, या कराराच्या यादीतील जिवंत परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करावी लागते. म्हणूनच बंदिस्त पैदाशीची कागदपत्रे विक्रेत्याकडे नसतील, तर तो कोळी घेऊ नये.

घर आणि आहार

जमिनीवरील प्रजातीला उंच पेटी घातक ठरते. काचेवर चढलेला कोळी खाली पडल्यास त्याचे नाजूक पोट फुटून तो दगावू शकतो. पेटीत नारळाच्या काथ्याच्या भुशाचा जाड थर, लपण्यासाठी सालीचा तुकडा, पाण्याची उथळ वाटी आणि हवेसाठी छिद्रे असावीत. झाकण मात्र घट्ट हवे. पेटी उन्हात ठेवू नये आणि त्या खोलीत कीटकनाशक फवारू नये.

प्रौढ कोळ्याला आठ-दहा दिवसांतून एकदा रातकिडा किंवा झुरळ पुरते. भक्ष्य त्याच्या पोटापेक्षा लहान असावे. घरातील झुरळे विषारी औषधाने माखलेली असू शकतात. ती देऊ नयेत.

कात टाकताना सावधान

कात टाकण्यापूर्वी कोळी कित्येक आठवडे अन्न सोडतो. मग तो पाठीवर उलटा पडतो. तो मेला असे समजून अनेकजण त्याला हलवतात आणि तेच जिवावर बेतते. अशा वेळी त्याला स्पर्श करू नये. पेटीतील उरलेले भक्ष्य आधीच काढून घ्यावे, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला रातकिडाही कुरतडू शकतो. नवी त्वचा कठीण होईपर्यंत, म्हणजे सुमारे एक-दोन आठवडे, खाणे देऊ नये. टाकलेली कात मात्र जपून ठेवावी. तिच्या आतील बाजूवरून नर-मादी ओळखता येते.

टॅरंटुलाला कुरवाळून घेण्याची आवड नसते. हातावर घेतल्याने त्याला ताण येतो आणि पडण्याचा धोका वाढतो. ज्याला केवळ निरीक्षणात आनंद आहे आणि पुढील २० वर्षांची जबाबदारी मान्य आहे, त्यानेच या वाटेला जावे.