‘लक्ष नाही’ म्हणजे नेमकं काय?

एक करून बघा. ७, २, ९, ४, १ हे आकडे एकदाच वाचा, पान झाका आणि उलटे म्हणा. जमलं? आता तेच टीव्ही चालू असताना, आई हाका मारत असताना करा. मधलाच एखादा आकडा निसटतो ना? हे निसटणं नेमकं कुठे होतं, ते शोधणं हे बाल व किशोर न्यूरोसायकॉलॉजिस्टचं रोजचं काम.

न्यूरोलॉजिस्ट वेगळा बरं का! तो डॉक्टर, एमआरआय बघतो, औषध देतो. हा मानसशास्त्राकडून आलेला असतो आणि स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या गोष्टींच्या मागे लागतो.

समजा, नववीतला एक मुलगा स्कूटरवरून पडला. डोक्याला मार. स्कॅन नॉर्मल, टाके निघाले, शाळा सुरू. पण बाई फळा पुसतात तोवर याचं अर्धंही उतरवून होत नाही. संध्याकाळी डोकं दुखतं, चिडचिड होते. घरचे म्हणतात, ‘नाटकं नुसती! मोबाइल काढून घ्या.’

इथे तो काही तास ठोकळ्यांनी नक्षी जुळवतो, ऐकलेली गोष्ट अर्ध्या तासाने पुन्हा सांगतो. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. (ही युक्ती जॉन स्ट्रूपची, १९३५ मधली. अजूनही भलेभले अडखळतात.) शेवटी कळतं की समज शाबूत आहे, मंदावलाय तो वेग. मग शाळेला सांगता येतं: नोट्स छापील द्या, पेपरला वेळ वाढवा, मध्ये विश्रांती द्या. ‘नाटकं’ हा शब्द तरी घरातून जातो.

नुसत्या गुणांवर हे ठरत नाही. दोन मुलांना सारखेच मार्क पडतील. एक घाईत चुकलेला, दुसरा चुकेन या भीतीने गप्प बसलेला. आणि मराठीत वाढलेल्या मुलाला इंग्रजीतून टेस्ट दिली, तर आपण मेंदू मोजला की इंग्रजी?

तुमच्यातल्या काहींनी बारावीपर्यंत पाठांतरावर निभावलं असेल आणि कॉलेजात एकदम सगळं कोसळलं असेल. एडीएचडी किंवा डिस्लेक्सिया विसाव्या वर्षीही ओळखता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलत मागता येते. सुरुवात कॉलेजच्या समुपदेशकापासून करा. इन्स्टाच्या ‘दहा लक्षणं’वाल्या रीलवरून मात्र स्वतःला लेबल लावू नका, प्लीज.

आणि हे कामच करायचं असेल तर? मानसशास्त्रात पदवी, पदव्युत्तर, मग क्लिनिकल प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. रस्ता लांबचा आहे. मुलांसोबत जमिनीवर बसायची तयारी लागते, आणि रिपोर्ट लिहायचा कंटाळा असेल तर विसराच.

हो, वरचे आकडे माझे मीच जुळवलेत. खऱ्या टेस्ट कुलपात असतात. आधीच पाहिलेला पेपर काय कामाचा?