थाळनेर : रस्ता सोडून गेला ते गाव

शिरपूरहून थाळनेरला जायला एसटी आहे. गाव तापीच्या उत्तर काठावर, धुळे जिल्ह्यात. उतरल्यावर समोर काय? चहाची टपरी, खतांचं दुकान, पारावर बसलेली चार म्हातारी माणसं. त्यातलं एक विचारतं, "कथाईन उनात, भाऊ?" कबरी बघायला आलो म्हटलं की चेहऱ्यावर थोडं आश्चर्य आणि बरीचशी शंका. जमिनीच्या मोजणीला आलेला माणूसही असंच काहीतरी सांगत असणार.

या गावाला आज निवांत म्हणायचं, पण सहाशे वर्षांपूर्वी इथे एक राजघराणं उभं राहिलं. इतिहासकार फरिश्त्याने दिलेली हकीकत अशी : दिल्लीचा फिरोजशाह तुघलक गुजरातेत शिकारीमागे भरकटला, भुकेला झाला. मलिक राजा नावाच्या एका साध्या स्वाराने आपल्याजवळचं खाणं त्याच्यापुढे ठेवलं. सुलतानाने चौकशी केली, घराणं ओळखीचं निघालं आणि पुढे १३७० मध्ये थाळनेरची जहागीर स्वाराच्या पदरात पडली. गोष्टीवर मीठमसाला असेल. जहागीर मात्र खरी, आणि १३८२ पासून मलिक राजा स्वतंत्रपणे वागू लागला हेही खरं. हेच फारूकी घराणं. त्याने सुलतानपूर-नंदुरबारवर हात टाकला, तेव्हा गुजरातच्या मुझफ्फरखानाने त्याला मागे रेटत थेट थाळनेरच्या किल्ल्यात कोंडलं. पुढे तह झाला.

मलिक राजा १३९९ मध्ये वारला. थोरल्या नासिरखानाने असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसवलं. थाळनेर धाकट्या भावाच्या वाट्याला आलं होतं, तेही त्याने १४१७ मध्ये माळव्याची मदत घेऊन हिसकावलं. म्हणजे राजधानी हलली. पण नासिरखान १४३७ मध्ये गेला तेव्हा त्याला नव्या शहरात नाही, बापाशेजारी थाळनेरलाच पुरलं. त्याच्यामागून मीरान आदिलखान (१४४१) आणि मीरान मुबारकखान (१४५७) हेही इथेच आले. राज्य बुऱ्हाणपुरातून करायचं आणि शेवटी थाळनेरला यायचं, असा हा दोन-तीन पिढ्यांचा शिरस्ता.

कबरींच्या आवारात पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे. ती वाचून परत फिरू नका, कारण बघायचं ते दगडात आहे. एक कबर अष्टकोनी. तिच्याभोवती एक फेरी मारा आणि दर कोपऱ्याला थांबा. भिंतींवर कोरीव कामाचे पट्टे आहेत; सकाळच्या तिरप्या उन्हात ते उठून दिसतात, दुपारी सपाट पडतात. मुबारकखानाची कबर चौकोनी, वर घुमट. मांडूला माळव्याच्या होशंगशाहाची कबर पाहिलेल्याला हा घाट लगेच ओळखू येईल. ओळखू यावाच, कारण फारूकी आणि माळव्याचे सुलतान एकमेकांचे व्याही. नासिरखानाची बायको माळव्याची, त्याची बहीण माळव्यात दिलेली. सोयरिकीबरोबर कारागिरांची नजरही इकडे आली असणार, असा माझा तर्क.

किल्ल्याचं बघायला फारसं उरलेलं नाही. त्यासाठी १८१८ सालची वर्णनं हाताशी लागतात. एक बाजू तापीतून वर चढलेली, साठेक फूट उंच तट, आत जायला पूर्वेकडून एकच वाट आणि तिच्यावर एकामागून एक पाच दरवाजे, वळणावळणाने चढत जाणारे. मंदसोरच्या तहात होळकरांनी थाळनेर इंग्रजांना दिलं होतं. २७ फेब्रुवारी १८१८ ला सर थॉमस हिस्लॉपची फौज ताबा घ्यायला आली, तर किल्लेदार तुळशीराम मामाने तोफा डागल्या. दिवसभराच्या माऱ्यानंतर बाहेरचे दरवाजे पडले. किल्लेदार स्वतः बाहेर येऊन शरण आला. चौथा दरवाजाही उघडला. पाचव्याच्या दिंडीत मात्र आतल्या अरब शिबंदीशी बोलाचाली झाली, भाषेचाही घोळ झाला असावा, आणि आत शिरलेले मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग सुमारे तीनशे जणांच्या शिबंदीची कत्तल झाली, आणि आधीच शरण आलेल्या किल्लेदाराला हिस्लॉपने फाशी दिलं. पुढच्या वर्षी ब्रिटिश संसदेत फौजेच्या आभाराचा ठराव आला तेव्हा या फाशीवरून प्रश्न विचारले गेले. लंडनच्या सभागृहात थाळनेरचं नाव घेतलं गेलं, ते असं.

मग एवढं गाव निजलं कसं? लढाईने नव्हे. सुरत-बुऱ्हाणपूर हा मोगलाईतला मोठा व्यापारी रस्ता. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ मध्ये याच वाटेने गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निएने वाटेतले मुक्काम लिहून ठेवलेत : नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, पुढे बुऱ्हाणपूर. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, हे त्याने आवर्जून नोंदवलंय. थाळनेरला नदी ओलांडावी लागते, हेही. ती भडोचला जाते असं मात्र त्याने ठोकून दिलंय. तापी सुरतेला जाते हे खानदेशातलं पोर सांगेल. सुरतेचा व्यापार मुंबईने ओढला, मुंबई-आग्रा रस्त्याने तापी सावळद्याला ओलांडली, आणि ताप्ती व्हॅली रेल्वे नदीच्या दक्षिणेने अमळनेरकडे गेली. थाळनेरचा उतार कोणाच्याच वाटेत राहिला नाही.

इटलीतल्या सान जिमिन्यानोचं असंच झालं. रोमच्या यात्रेकरूंच्या मार्गावरचं श्रीमंत गाव, ७२ मनोरे. १३४८ च्या प्लेगात कंबरडं मोडलं, वाट दुसरीकडे वळली. नवं बांधायला पैसा नव्हता म्हणून १४ मनोरे टिकले आणि १९९० मध्ये जागतिक वारसा झाले. ते बघायला आपली माणसं लाखो रुपये मोजतात, आणि तीच माणसं इंदूरला जाताना शिरपूरवरून गाडी न थांबवता पुढे काढतात. दोष त्यांचा म्हणवत नाही. थाळनेरला राहायला हॉटेल नाही, माहिती द्यायला माणूस नाही.

तेव्हा मुक्काम शिरपूर किंवा धुळ्याला करा, हिवाळ्यात या, उजाडताच निघा, पाणी सोबत घ्या. शेवभाजी परतताना शिरपूरला. सवड असेल तर परतूच नका. ताव्हेर्निएच्या यादीप्रमाणे चोपड्याकडे वळा आणि रावेरवरून बुऱ्हाणपूर गाठा. नासिरखानाचं शहर आधी बघून मग त्याच्या कबरीकडे येण्यापेक्षा हा क्रम बरा.