मारहाण हाही आरोग्याचाच प्रश्न

आरोग्याच्या सदरात मारहाणीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण १९९६ सालीच जागतिक आरोग्य सभेने ठराव करून हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे मान्य केले. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचे तीन प्रकार सांगितले: स्वतःवर केलेली, माणसामाणसांतली आणि समूहाची. हिवतापाप्रमाणे येथेही चार गोष्टी विचारायच्या असतात. ती कोणाला होते, कोठे होते, कशाने होते आणि कशाने टळते? पहिल्या तिन्हींवर बरेच काम झाले. चौथीवर त्या मानाने थोडे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात हिंसा सोसलेल्या ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले. मला याचे नवल वाटत नाही. डोळा काळानिळा झालेली बाई दवाखान्यात येते, शेजारी नवरा उभा असतो. ती "मोरीत पाय घसरला" याखेरीज दुसरे काय सांगणार?

आता आपल्या पालघरचा आकडा शोधा. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा वेगळा झाला आणि पाचव्या फेरीत त्याची स्वतंत्र माहितीपत्रिका निघाली. तीत रक्तक्षय आहे, लसीकरण आहे. घरगुती हिंसा नाही. कारण हे प्रश्न मोजक्याच घरांत विचारले जातात आणि उत्तर राज्यापुरते निघते. मोखाड्याचा पाडा आणि बोईसरमधील कामगाराची भाड्याची खोली एकाच आकड्यात बुडून जातात. पन्नाशी ओलांडलेली आजी तर मोजलीच जात नाही.

समूहाच्या हिंसेचे दुखणेही आपण पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी पाच, तर डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी तीन जणांचा जीव गेला. दोन्हीकडे आधी मुले पळवणाऱ्यांची अफवा पसरली होती. गुन्ह्याचा तपास पोलीस करतात. पण अफवा पाड्यावरच कशी विझवावी, हा अभ्यासाचा विषय आहे.

उपाय नाहीत असे नाही. दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात गरीब स्त्रियांना गटातून छोटी कर्जे दिली आणि बैठकीत घरातल्या नात्यांवर चर्चा घडवली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जोडीदाराकडून होणारी हिंसा निम्म्याहून अधिक घटलेली दिसली. बचत गट आपल्याकडेही गावोगाव आहेत. हप्त्याचा हिशेब संपल्यावर हा विषय काढायला काय हरकत आहे? मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केले. अशी सोय असली की दवाखान्यातच मन मोकळे करता येते.

तोवर एवढे करा. बाईला एकटीला विचारा, दोष देऊ नका, जखमांची नोंद केसपेपरवर करून घ्या. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि तातडीला ११२ हे क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.