हेल्मेटची काच धुरकट झाली आहे? नवा व्हायझर निवडण्यापासून बसवण्यापर्यंत सगळे काही

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे, वाकण फाटा, कोलाड या पट्ट्यात दुचाकी चालवणाऱ्यांना दोन ऋतू चांगलेच माहीत आहेत: धुळीचा आणि पावसाचा. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशकभराहून अधिक काळ रेंगाळले. खडी, डंपरची धूळ आणि पावसाळ्यात पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल हे सगळे थेट हेल्मेटच्या काचेवर येते. काही महिन्यांत काच धुरकट होते. मग बरेच जण काच वर करून गाडी चालवतात. म्हणजे हेल्मेट डोक्यावर असते, पण डोळे उघडेच राहतात. खरे तर काच बदलणे हे १० मिनिटांचे काम आहे. मात्र ती योग्य निवडली आणि नीट बसवली तरच उपयोग होतो.

ही काच नसतेच

आपण ‘काच’ म्हणतो तो व्हायझर बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचा असतो. खडा लागला तर काचेप्रमाणे त्याचे तुकडे होत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. दोष असा, की तो मऊ असतो आणि त्यावर लवकर ओरखडे पडतात. म्हणून चांगल्या व्हायझरवर बाहेरून कडक लेप दिलेला असतो. हा लेप गेला की व्हायझर झपाट्याने खराब होतो.

डोळ्यांच्या संरक्षणाचे महत्त्व खेळाच्या मैदानावरही उशिराच पटले. अमेरिका-कॅनडातील ‘एनएचएल’ या आइस हॉकी लीगने नव्या खेळाडूंना व्हायझर सक्तीचा केला, तो २०१३ मध्ये.

ओरखडे इतके घातक का?

दिवसा बारीक ओरखडे फारसे जाणवत नाहीत. रात्री समोरून येणाऱ्या हेडलाइटचा प्रकाश प्रत्येक ओरखड्यावर विखुरतो आणि डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा राहतो. त्यामागचा खड्डा, गुरे किंवा चालणारा माणूस दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. एक सेकंद दिसले नाही, तर तेवढे अंतर आपण आंधळेपणाने कापतो. नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, धाटावची एमआयडीसी अशा ठिकाणी रात्रपाळी करून दुचाकीने घरी जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

तपासणी सोपी आहे. रात्री हेल्मेट घालून, काच खाली करून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहा. दिव्याभोवती चांदणीसारख्या रेषा किंवा धुरकट वलय दिसले आणि काच धुतल्यावरही ते गेले नाही, तर व्हायझर बदलण्याची वेळ आली आहे.

विकत घेताना काय पाहावे?

- ‘सगळ्या हेल्मेटला बसतो’ असे सांगून विकला जाणारा व्हायझर टाळा. प्रत्येक कंपनीच्या, अनेकदा प्रत्येक मॉडेलच्या खाचा वेगळ्या असतात.
- हेल्मेटच्या आतल्या लेबलवर मॉडेलचे नाव असते. जुन्या व्हायझरच्या कडेला कोड छापलेला असेल, तर त्याचाही मोबाइलवर फोटो काढून दुकानात दाखवा.
- शक्य असल्यास हेल्मेटच सोबत न्या आणि व्हायझर बसवूनच पैसे द्या.
- रात्री गाडी चालवायची असेल तर पारदर्शक व्हायझरच घ्या.

काळी काच चालेल का?

उन्हात ती बरी वाटते, पण अंधार पडल्यावर धोका वाढवते. युरोपच्या ‘ईसीई २२.०५’ नियमानुसार साध्या व्हायझरमधून किमान ८० टक्के प्रकाश आत यायला हवा. ५० ते ८० टक्के प्रकाश येऊ देणाऱ्या व्हायझरवर ‘फक्त दिवसा वापरासाठी’ अशी खूण असावी लागते. बाजारातल्या आरशासारख्या चमकणाऱ्या अनेक काचांवर अशी कोणतीही माहिती नसते. उन्हाचा त्रास होत असेल तर पारदर्शक व्हायझरच्या आत गॉगल वापरा. संध्याकाळी तो काढता येतो.

व्हायझर कसा बसवायचा?

पद्धती मुख्यतः दोन आहेत. साध्या हेल्मेटला दोन्ही कानांजवळ एकेक स्क्रू असतो. महागड्या हेल्मेटला बटण किंवा खटका दाबून व्हायझर निघतो.

१. काढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. स्क्रू, वॉशर, स्प्रिंग कोणत्या क्रमाने आहेत ते त्यात दिसू द्या. सुटे भाग वाटीत ठेवा.

२. खटक्याचा व्हायझर आधी पूर्ण वर करा, मग खटका दाबा. खाली असताना ओढला तर खाचा तुटतात.

३. खाचांतली धूळ जुन्या टूथब्रशने काढा. रबरी पट्टी ओल्या फडक्याने पुसा.

४. नव्या व्हायझरवर संरक्षक फिल्म असेल तर ती काढा. ती काही वेळा आतून-बाहेरून, दोन्हीकडे असते.

५. दोन्ही बाजूंच्या जिभा खाचेत बसवा. खटक्याच्या प्रकारात ‘टक्’ असा आवाज दोन्हीकडून यायला हवा.

६. स्क्रू आधी हाताने फिरवा, मग स्क्रूड्रायव्हरने हलकेच घट्ट करा. जास्त आवळल्यास प्लॅस्टिकला तडा जातो किंवा काच वर-खाली होत नाही.

बसवल्यावर काच १० वेळा उघडा आणि बंद करा. ती प्रत्येक टप्प्यावर थांबली पाहिजे, हेल्मेट हलवल्यावर आपोआप पडता कामा नये. मग कागदाची पट्टी रबर आणि काच यांच्यामध्ये धरून काच बंद करा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. जिथे सहज निघते, तिथून पावसात पाणी आत येणार. काही हेल्मेटमध्ये बाजूची पट्टी किंचित मागेपुढे करून ही फट मिटवता येते.

जुना व्हायझर बसत नाही म्हणून हेल्मेटला भोके पाडण्याचा जुगाड मात्र करू नका. आइस हॉकीच्या हेल्मेटवर व्हायझर स्क्रूने बसवतात, पण दुचाकीच्या हेल्मेटचे कवच आणि आतला थर्माकोलचा थर मिळून धक्का झेलतात. नवे भोक म्हणजे तिथे नवी कमजोरी.

पावसात वाफ धरते, काय करावे?

श्वासातली वाफ थंड व्हायझरवर थेंबांच्या रूपात साचते. हनुवटीजवळचा झरोका उघडा ठेवा, वेग कमी असताना काच पहिल्या खाचेवर ठेवा. ‘पिनलॉक’ हा पक्का उपाय आहे: मुख्य व्हायझरच्या आत बसणारी दुसरी पातळ काच. दोन्हींच्या मधल्या हवेमुळे आतली काच थंड पडत नाही. मात्र त्यासाठी व्हायझरला आतून दोन पिना हव्यात, हे घेतानाच पाहा.

स्वच्छतेसाठी ओले फडके पाच मिनिटे काचेवर ठेवा, चिखल भिजू द्या, मग सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा. कोरडी धूळ हातमोज्याने पुसणे म्हणजे काचेवर पॉलिश पेपर फिरवणे. पेट्रोल, थिनर, अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव आणि टूथपेस्ट हे चारही टाळा.

नुसती काच बदलून भागते का?

नेहमीच नाही. हेल्मेटला अपघातात जोराचा धक्का बसला असेल, तर बाहेरून काही दिसत नसले तरी आतला थर दबलेला असू शकतो. तेव्हा हेल्मेटच बदला. धक्का बसला नसला तरी साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे, असे बहुतेक कंपन्या सांगतात. १ जून २०२१ पासून दुचाकीचे हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय विकण्यास बंदी आहे. विनाहेल्मेट सापडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ड नुसार १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द होण्याची तरतूद आहे. हा नियम मागे बसणाऱ्यालाही लागू आहे.

दंडापासून डोक्यावरचे हेल्मेट वाचवते. समोरचा खड्डा मात्र स्वच्छ काचेतूनच दिसतो. पहिला पाऊस पडण्याआधी एका रात्री दिव्याची चाचणी करून पाहा.