बिनपगारी सरोवर

घरातली गृहिणी दिवसभर किती राबते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ती चार दिवस अंथरुणाला खिळली, की धुण्याभांड्यांना बाई शोधावी लागते, खानावळीचा डबा लावावा लागतो आणि मग तिच्या कामाची किंमत रुपयांत कळते. आंध्र प्रदेशातील कोल्लेरू सरोवराची कथा काहीशी अशीच आहे.

त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आणि महाबळेश्वरची कृष्णा या दोघी समुद्राला मिळण्यापूर्वी पूर्व किनाऱ्यावर शेजारी-शेजारी पसरतात. त्यांच्या मधल्या खोलगट भागात, एलुरू शहराजवळ हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. ते बशीसारखे उथळ आहे. पावसाळ्यात बुडमेरू आणि तम्मिलेरू हे प्रवाह आणि शेतांचा निचरा करणारे साठाहून अधिक लहानमोठे कालवे त्यात येऊन पडतात. पाणी बाहेर जायला मात्र वाट एकच, उप्पुटेरू. साठएक किलोमीटर वळणे घेत ती बंगालच्या उपसागराला मिळते.

येणारे पाणी अफाट आणि जाणारी वाट चिंचोळी, मग गावे बुडत कशी नसत? कारण सरोवर फुगत असे. मोठ्या पुरात ते ९०० चौरस किलोमीटरच्या आसपास पसरे, पाणी थोपवून धरी आणि सावकाश सोडून देई. शेतांतून येणारा गाळ खाली बसे, पाणवनस्पती पाणी थोडेफार गाळून घेत, मासे वाढत, झोळीवाले आणि चित्रबलाक घरटी करत. एवढी चाकरी, आणि पगार शून्य!

भाताने आधी या सरोवराच्या कडा व्यापल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सर आर्थर कॉटन यांच्या पुढाकाराने गोदावरीवर आणि पाठोपाठ कृष्णेवर बंधारे झाले. कालव्यांच्या पाण्याने हा मुलूख भाताचे कोठार बनला आणि शेती सरकत सरकत सरोवराच्या पोटात शिरली. तिथले पीक मात्र पुरात हमखास बुडे. म्हणून १९७० च्या दशकात सरकारनेच कोळी आणि दलित कुटुंबांच्या सहकारी संस्थांना मत्स्यतळी खोदून दिली. हेतू चांगला होता, यात शंका नाही.

पण कटला आणि रोहू यांना बंगालपर्यंत गिऱ्हाईक मिळू लागले, तसा पैसेवाल्यांचा डोळा या पाण्यावर गेला. गरिबांची तळी खंडाने घेतली गेली. शेजारी नवी उभी राहिली. २००४ मधील उपग्रहचित्रांत सुमारे १०० चौरस किलोमीटरवर तळीच तळी दिसत होती. प्रत्येक तळ्याला चारी बाजूंनी उंच बांध! पाण्याने पसरायचे कुठे? ते वरच्या अंगाच्या भातशेतांत आणि गावांत तुंबू लागले. शिवाय शेतांतली खते, कीटकनाशके आणि तळ्यांतले उरलेले खाद्य यांनी पाणी नासले, जलपर्णी माजली.

आणखी एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. सरोवर भरलेले असले, की त्याच्या गोड्या पाण्याचा रेटा भरतीला मागे सारतो. तो रेटा कमी झाल्यावर समुद्र उप्पुटेरूतून वर चढू लागला. तेलुगूत ‘उप्पु’ म्हणजे मीठ. नाव असे खरे ठरले! काठच्या विहिरी खारावल्या, की गावाला पिण्याचे पाणी बाहेरून आणावे लागते. कोहळा देऊन आवळा घ्यावा, तसा हा सौदा. त्यातही कोहळा एकाचा गेला आणि आवळा दुसऱ्याला मिळाला. तळ्याचा नफा मालकाच्या खिशात जातो. बुडालेल्या भाताचा भुर्दंड मात्र कोणा तिसऱ्याच शेतकऱ्यावर पडतो.

निसर्गाच्या अशा सेवांचा हिशेब मांडण्याचा गाजलेला प्रयत्न १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी केला. साऱ्या पृथ्वीसाठी त्यांनी वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर हा आकडा काढला. सगळ्या देशांचे एकूण उत्पन्न तेव्हा १८ लाख कोटी होते. अनेक अर्थतज्ज्ञांना तो पटला नाही. कोल्लेरूकाठच्या शेतकऱ्याला मात्र एवढ्या मोठ्या आकड्याची गरज नाही. एक पूर पुरतो.

१९९९ मध्ये सरोवराचा ३०८ चौरस किलोमीटर भाग अभयारण्य जाहीर झाला आणि २००२ मध्ये त्याला ‘रामसर’ पाणथळींच्या यादीत स्थान मिळाले. २००६ मध्ये, न्यायालयाच्या आदेशानंतर, तळ्यांचे बांध यंत्रांनी आणि सुरुंगांनी फोडण्यात आले. त्यात बड्यांबरोबर छोटेही भरडले. संस्थांच्या सभासदांची तळी गेली; ज्यांची खाजगी जमीन अभयारण्यात सापडली, त्यांच्या भरपाईचा प्रश्न लोंबकळत राहिला. काही वर्षांत बांध पुन्हा उभे राहिले.

सप्टेंबर २०२४ मध्ये बुडमेरूचा बांध फुटून विजयवाड्याचे मोठे भाग दिवसेंदिवस पाण्यात होते. त्याचे खापर एकट्या कोल्लेरूतील तळ्यांवर फोडणे योग्य नाही. अतिवृष्टी झाली होती आणि खुद्द बुडमेरूच्या पात्रातही अतिक्रमणे होती. पण हे पाणी शेवटी ज्या बशीत उतरायचे, तीच बांधांनी भरलेली असेल तर उतार लांबणारच.

सरोवराच्या आटपाका भागात आजही झोळीवाले विणीसाठी येतात. घरट्यांसाठी झाडे पुरत नाहीत, म्हणून वनखात्याने पाण्यात लोखंडी मांडव उभारले आहेत. पक्षी त्यावर काटक्या रचतात आणि पिले वाढवतात.