सिंहस्थ ते सिंहस्थ: टीव्हीसमोरचा माणूस

नाशकात काळ मोजायला सिंहस्थ सोयीचा पडतो. 1991, 2003, 2015 आणि आता 2027. याच टप्प्यांवर घरातला टीव्ही आठवून पाहिला, तर तो वापरणं कसं बदलत गेलं ते लख्ख दिसतं.

1991 मध्ये बटण दाबलं की दूरदर्शन लागायचं; शिकायचं असं काही नव्हतंच. 2003 पर्यंत केबल रुळली होती, अल्फा मराठी आणि ई टीव्ही मराठी आल्या होत्या. सगळा कारभार आकड्यांवर चाले. केबलवाल्याने वाहिन्यांचा क्रम बदलला की चार दिवस कुरकुर, मग नवा आकडा पाठ. पंचवटीतल्या वाड्यात लिहिता-वाचता न येणारी आजीही आपली मालिका कुणाला न विचारता लावू शकत होती. ही फार मोठी गोष्ट होती.

डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्याची मुदत होती 31 मार्च 2013, आणि त्यातल्या 38 शहरांत नाशिक होतं. म्हणून 2015 च्या सिंहस्थात घरोघरी दोन रिमोट दिसायचे, एक टीव्हीचा आणि एक सेट-टॉप बॉक्सचा. चुकून इनपुट बदललं की पडदा रिकामा, आणि नातू शाळेतून येईपर्यंत टीव्ही बंद. वाहिन्यांचे आकडे तीन-चार अंकी झाले, पण होते तरी.

खरी उलथापालथ त्यानंतरची. 2016 च्या जानेवारीत नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरात जिओ. पुढच्या वर्षी फायर टीव्ही स्टिक, मग स्वस्त स्मार्ट टीव्ही. नव्या रिमोटांवरून आकडे गेले. चार बाण आणि मधलं एक बटण उरलं. फोनवर बोट थेट चित्रावर ठेवता येतं. टीव्हीवर मात्र दहा फुटांवरून चौकट एकेक घर सरकवत न्यावी लागते. ती आत्ता कुठे आहे हे क्षणात कळलं पाहिजे, मागे जाण्याचं बटण दर वेळी तिथेच नेणारं हवं. प्रत्यक्षात वरची जागा बहुतेक जाहिरातीची, आणि काल अर्धवट राहिलेली मालिका खाली कुठेतरी. हा प्रेक्षकावर सरळ अन्याय आहे.

मराठीची अडचण आणखी खोल आहे. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या ओळीत ते चिरडतात, लांब नावं तीन टिंबांत संपतात. शोधायला जावं तर ‘माझा’ रोमन लिपीत झेड घालून लिहायचं की जे-एच? देवनागरी कळफलक असला, तरी एका जोडाक्षरासाठी बाणाचं बटण किती वेळा दाबायचं! बोलून शोधण्याची सोय इथे वरदान ठरू शकते. गूगल असिस्टंट 2018 मध्ये मराठी शिकला. पण ती सोय अहिराणी वळणाचं बोलणं ऐकून घेईल, तेव्हाच आपल्या जिल्ह्याच्या कामाची.

2027 चं शाहीस्नान अनेक घरांत अशाच टीव्हीवर पाहिलं जाईल. त्या प्रक्षेपणाचं ॲप जे कुणी बनवतील, त्यांना विनंती: पहिल्या पडद्यावर ठसठशीत मराठीत ‘रामकुंड’ आणि ‘त्र्यंबकेश्वर’ अशा दोनच मोठ्या चौकटी ठेवा. आणि ॲप खुलं करण्याआधी सत्तरीच्या चार नाशिककरांच्या हाती रिमोट देऊन बघा.