फळ्यावरची आई

परवा मी चौथीच्या निबंधाच्या वह्या तपासत होते. विषय होता ‘माझी आई’. वह्या चाळीस, पण आई मात्र एकच! पहाटे उठणारी, दूध देणारी, रात्री गोष्ट सांगणारी. एका मुलाला मी दहापैकी आठ गुण दिले आणि मग आठवलं, अरे, याची आई तर दिवाळीपासून ऊसतोडीला गेलीय! हा आजीकडे राहतो.

त्याला जवळ बोलावून विचारलं, “यात तुझी आई कुठे आहे रे?”

तो हळूच म्हणाला, “बाई, तुम्हीच फळ्यावर तसं लिहून दिलं होतं.”

चूक माझीच होती. आपण पाहिलेलं, आपल्याला वाटलेलं नीट क्रमाने सांगणं म्हणजे निबंध. 1855 साली मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ निबंध लिहिला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकत होती. ‘ज्ञानोदय’मध्ये तो छापून आला. ‘आम्ही फार दुःखी आहोत’ एवढंच लिहून ती थांबली नाही. बाळंतिणीच्या घरावर छप्परही नसतं, थंडीपावसात तिचं काय होत असेल, असं तिने विचारलं. शेवटी आपल्या लोकांना शिकायला सांगितलं. म्हणून तो निबंध आजही वाचतात.

मग लिहायचं कसं? आधी पाच मिनिटं कच्च्या कागदावर आठवेल ते टिपा. त्यातले तीन-चार मुद्दे ठेवा, बाकीचे खोडा. मुद्द्यांचा क्रम लावा आणि एका परिच्छेदात एकच मुद्दा घ्या. सुरुवात एखाद्या प्रसंगाने करा. ‘आई प्रेमळ आहे’ म्हणू नका. ती काय करते ते लिहा, प्रेमळपणा आपोआप कळतो. शेवटी सुरुवातीचीच वाक्यं पुन्हा नकोत. लिहून झालं की मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळेल, तिथे वाक्य तोडा.

मी फळा पुसला आणि मुलांना पुन्हा लिहायला बसवलं. त्या मुलाने कागदावर टिपलं : कोयता, ट्रॅक्टर, बटण. निबंधाचा शेवट त्याने असा केला : ‘जायच्या आदल्या रात्री आईने माझ्या शर्टाची बटणं शिवली. आता एक तुटलंय. ते मी आजीला शिवू दिलं नाही.’

शुद्धलेखनाच्या चुका पाच होत्या. त्या मी नंतर दाखवल्या.

तुमच्या वहीत कोणाची आई आहे? बघा बरं उघडून!